भिंगाच्या माथी खापर

राहतचा राग सगळ्या गुलमंडीला ठाऊक होता. पण त्या दिवशी तिनं घरच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या भिंतीला खळ लावून वर्तमानपत्रांची पानं चिकटवायला घेतली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ युसूफ आपसूकच दारापर्यंत मागं सरला. मराठी, उर्दू, हाताला येतील ती पानं तिनं भिंतभर लावली, मधे, कडेला, पार चारही कोपऱ्यांत. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्या बहुतेक पानांवर होत्याच. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या पावसाळ्यात औरंगाबादेत दुसरं छापत तरी काय होते?

"दोन्ही लेन्स आण," ती म्हणाली. "अब्बांची पण, आणि तुझी ती नवी पण."

नवी अजून युसूफची झाली नव्हती. मुंबईचा एक व्यापारी बघायला म्हणून ठेवून गेला होता आणि युसूफ तिच्यावर लट्टू झाला होता. त्यांचे अब्बा, कमरोद्दीन फोटोग्राफर, वारल्यापासून फोटो युसूफ काढायचा आणि अंधाऱ्या खोलीतलं धुणं-छापणं राहत करायची. मोठ्या लाकडी कॅमेऱ्यावर लेन्स मात्र अजून अब्बांचीच होती, जुनी, जर्मन.

हा सगळा तमाशा कडूबाईमुळं चालला होता. तिचा एकुलता एक मुलगा कचरू चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हमाल होता. नामांतराचा ठराव झाला, खेड्यापाड्यांत बौद्धवाडे पेटले, आणि आईला शहरात आणायला म्हणून गावाकडं गेलेला कचरू त्या आगीतून बाहेर आलाच नाही. आई वाचली. घरासकट जे होतं नव्हतं ते गेलं. राहिला एकच फोटो. कारखान्यात नवं यंत्र बसलं, तेव्हा युसूफनं तिथल्या सगळ्यांचा ग्रुप काढला होता, त्यात कचरू होता.

"त्यातलं माह्या लेकराचं तोंड तेवढं मोठं करून दे, माय," ती राहतला म्हणाली होती. "रोज जरा जरा इसरत चाललेय म्या त्याला. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावीन."

स्टुडिओला हे काम नवं नव्हतं. माणूस गेला की लोक लग्नाचा नाहीतर शाळेचा ग्रुप घेऊन यायचे, आणि मोठ्या निगेटिव्हमधून राहत त्याचा चेहरा उचलून द्यायची. तिनं कारखान्याची निगेटिव्ह लावली. मधल्या खुर्चीतल्या मोठ्या साहेबांच्या मिशीचा केस न केस दिसत होता. शेजारच्या इंजिनियरच्या टायवरची नक्षी दिसत होती. मग जसजसं कडेला जावं, तसतसे चेहरे विरघळत गेले. आणि पार डाव्या टोकाला, जिथं हमाल आणि झाडूवाले उभे केले होते, तिथं कचरूच्या मानेवर नुसता कणकेचा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. शर्ट तेवढा ओळखू येत होता.

"अब्बांची लेन्सच तशी आहे, आपा," युसूफनं लगेच हात झटकले होते. "मधे लख्ख, कडेला धुकं. नवी घेऊ, मग बघ."

हे राहतला सहन होईना. मेलेला माणूस उत्तर द्यायला उठून येत नाही, म्हणून त्याच्या माथी खापर फोडायचं, ही कुठली रीत? म्हणून तर भिंतीवर ही पानं चढली होती.

आधी दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या ठेवून तिनं त्याला भिंतीचे फोटो काढायला लावले. निगेटिव्ह धुतल्या, वाळवल्या, आणि डोळ्याला छोटं भिंग लावून ती बसली. युसूफ खोटं बोलत नव्हता. अब्बांच्या लेन्समध्ये मधल्या बातम्या स्वच्छ होत्या, पण कोपऱ्यातल्या साबणाच्या जाहिरातीचा डाग झाला होता. नवीमध्ये तीच जाहिरात वाचता येत होती.

"बघ!" युसूफ म्हणाला.

"थांब. आता तोंड बारीक कर. दोन्हींचं."

लेन्सचं तोंड मिटत नेलं की उजेड कमी आत येतो, फोटोला वेळ लागतो, पण कडा सुधारतात. अब्बांनी हे दोघांनाही लहानपणीच शिकवलं होतं. दुसरी जोडी धुऊन आली. राहतनं ती उलटसुलट करून बघितली. साबणाच्या वडीवरचं नावसुद्धा दोन्हींत सारखंच उमटलं होतं. कुठली निगेटिव्ह कुठल्या लेन्सची, हे तिचं तिलाच सांगता येईना.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नाचता येईना, अंगण वाकडं!

"त्या दिवशी किती उघडी ठेवली होतीस?"

युसूफ नवी लेन्स डबीत घालायला लागला.

"विचारतेय मी!"

"पूर्ण," तो चिडून म्हणाला. "साहेबांना उन्हात बसायचं नव्हतं. शेडमधे उजेड कमी. तोंड मिटलं असतं तर तीन सेकंद सगळ्यांना न हलता बसावं लागलं असतं. मी म्हणालो तसं. तर म्हणाले, 'आटप लवकर, मी काय पुतळा आहे?' मग काय करणार? उघडली अन् घेतला खटकन."

"आणि कडेची माणसं?"

"कडेला कोण बघतं, आपा? फोटो साहेबांच्या केबिनमधे लागणार होता."

हातातलं भिंग त्याच्या कपाळावर फेकून मारावं, असं राहतला वाटलं. कडेला कोण बघतं म्हणे! आणि त्यांना कडेला कुणी उभं केलं? लग्न असो, शाळा असो, कारखाना असो, मानाचे मधे, बाकीचे बाजूला, आणि ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं ते पार टोकाला. तसा हुकूमही कुणाला द्यावा लागत नाही, माणसं मुकाट जाऊन उभी राहतात. अब्बा निदान त्यांच्यासाठी लेन्सचं तोंड मिटायचे. 'हिलना नै, साहब!' म्हणून मधल्यांना दरडावायचे. आणि हा पठ्ठ्या एका मिशीपुढं वाकला.

दुसऱ्या दिवशी कडूबाई आली, तोवर युसूफनं आपली अक्कल चालवली होती. पेन्सिल घेऊन त्यानं त्या गोळ्यावर नाक-डोळे काढले होते. चेहरा पुसट असला की प्रत्येक मयताला तो तेच डोळे द्यायचा, सिनेमातल्या नटाचे असावेत तसे, आणि रंगही जरा उजळ करायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं. राहत आतून बाहेर येईपर्यंत त्यानं तो फोटो कडूबाईच्या हातात दिलासुद्धा.

कडूबाईनं फोटो जवळ धरला, लांब धरला. पदरानं डोळे पुसून पुन्हा बघितला.

"ह्यो कोन हाय?"

"कचरूच की, मावशी."

"माह्या कचरूचं डोळं असं नव्हतं." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "का व्हतं? नव्हतं ना, माय?"

राहतनं फोटो हिसकावून घेतला आणि टराटरा फाडला. त्या बाईच्या डोक्यात लेकाचा जेवढा चेहरा शिल्लक होता, तोही हा पुसायला निघाला होता.

"नव्हते, मावशी. हा तुमचा लेक नाही. हे ह्यानं पेन्सिलीनं काढलेत."

"आपा, बस कर!" युसूफ ओरडला, पण राहत थांबली नाही. तिनं शेड सांगितली, साहेब सांगितला, ते तीन सेकंद सांगितले.

कडूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तीन शेकंद म्हंजी किती, माय?"

राहतनं मोजलं. "एक... दोन... तीन."

"झालं?"

"झालं."

"पुन्यांदा म्हन."

राहतनं पुन्हा मोजलं.

"आरं, एवढ्यात तव्यावरची भाकरसुदिक उलथत नाय!" कडूबाई युसूफच्या अंगावर अशी ओरडली, की समोरचा अत्तरवाला उठून रस्त्यावर आला. "माह्या लेकरापायी त्यो मिशीवाला एवढंबी गप बसला नाय? अन् तूबी त्याला बस म्हनला नाय?"

युसूफ फाटलेल्या फोटोचे तुकडे गोळा करायला वाकला.

"मला त्यो समद्यांचा फोटू दे," कडूबाई राहतला म्हणाली. "साहेबालाच नेऊन दावते. त्याच्या टेबलावर ठिवते अन् म्हनते, सांग, ह्या कडंला उभा हाय त्यो कोन हाय."

राहतनं ग्रुपचा फोटो कागदात गुंडाळला, बुरखा अंगावर घेतला आणि भावाकडं न बघता चिकलठाण्याची बस धरायला कडूबाईबरोबर निघाली.