लाल पाण्यातल्या शिंपल्या

बिय्यात्तूने शिंपल्यांचा कचरा परसात टाकला, पण एकही कावळा खाली उतरला नाही. एरवी सूप रिकामं होण्याआधीच झोंबाझोंबी करणारे ते, आज माडावर बसून नुसते बघत होते.

"मेले शेफारलेत," म्हणत ती चुलीकडे वळली.

तिचा नवरा मूसाकुट्टी सकाळीच खडकांपाशी बुड्या मारून पोतंभर शिंपल्या घेऊन आला होता. इतक्या टपोऱ्या शिंपल्या तलश्शेरीत यंदा कुणालाच मिळाल्या नव्हत्या.

"पाणी मात्र विचित्र आहे गं. कोऱ्या चहासारखं लाल. बाकी कुणी उतरलंच नाही."

"मग तुम्हीच कशाला उतरलात?"

"आसियुम्माकडे आज नव्या जावयाचा पाहुणचार. तुझ्या अरिकडुक्क्याशिवाय ती ताट मांडेल होय?"

बिय्यात्तू हसली. वाटलेला तांदूळ, खोबरं, बडीशेप तिने एकेका शिंपलीत ठासून भरलं, वाफवलं, कवच काढून लाल मसाल्यात घोळवलं आणि अरिकडुक्के तळायला घेतले. पहिला घाणा मूसाकुट्टीने एकट्याने फस्त केला आणि चटईवर आडवा झाला. दुपार कलताना आसियुम्माची रिक्षा येऊन झाकलेलं पातेलं घेऊन गेली.

परातीत एक मोडका अरिकडुक्का उरला होता, तो तिने तोंडात टाकला. आवराआवर करता करता ओठांना मुंग्या आल्या. मिरची जास्त झाली वाटतं, म्हणून ती पाणी प्यायली, तर ते हनुवटीवरून ओघळलं. ओठ मिटतच नव्हते.

"अहो!" तिने नवऱ्याला हलवलं.

त्याचे डोळे उघडे होते. त्याला काही बोलायचं होतं, पण जीभ वळेना. उचललेला हात तसाच खाली पडला.

शेजारच्या कुंजायिशूला तिने कसंबसं सांगितलं, "गाडी बोलाव, ह्यांना दवाखान्यात ने." आणि ती स्वतः उलट दिशेला, आसियुम्माच्या घराकडे धावली. उंबऱ्यातून एकदा मागे पाहिलं तिने. तो तिच्याकडेच बघत होता.

तिथे पंगत बसत होती. जावई लाजत होता, मेव्हण्या खिदळत होत्या.

"ये गं, बिय्यात्तू! जावईबापू हात लावेनात, आता तूच भरव!" आसियुम्मा म्हणाली.

बिय्यात्तूने तोंड उघडलं, पण नुसताच घोगरा आवाज निघाला. तिने जावयापुढचं ताट उधळलं, पातेलं लाथेने अंगणात पाडलं.

"वेड लागलं का मेलीला? माझ्या दारात, आजच्या दिवशी!" आसियुम्माने तिचे खांदे धरून गदागदा हलवलं. बिय्यात्तू स्वतःचे ओठ चोळत राहिली, समुद्राकडे बोट दाखवत राहिली.

तेव्हा कोपऱ्यातून जावयाचे म्हातारे काका हळूच म्हणाले, "मी मघाशी दोन चाखले होते. माझेही ओठ बधिर झालेत."

पंगतीतल्या सगळ्यांनी ताटं दूर सारली.

काका वाचले. बिय्यात्तूही रात्रभर दवाखान्यात तळमळून सकाळी उठून बसली. मूसाकुट्टीचा श्वास मात्र वाटेत गाडीतच थांबला होता. आसियुम्मा तिच्या पायाशी बसून रडली, पण बिय्यात्तूला त्या उंबऱ्यातल्या नजरेखेरीज काही दिसत नव्हतं.

महिन्या-दोन महिन्यांत लाल पाणी निवळलं, शिंपल्यांत उतरलेलं त्याचं विषही गेलं. एका सकाळी बुड्या मारणाऱ्यांनी तिच्या दाराशी ओलं पोतं आणून ठेवलं.

"घे ताई, आता काही भीती नाही."

ती दूरच उभी राहिली. पोत्यात जिवंत शिंपल्या मिटत होत्या, उघडत होत्या. बारीक टकटक आवाज येत होता.