नागम्माच्या कॉम्प्युटरमधले जुने कार्ड

नागम्मा गेल्याचे घरी कळले, तेव्हा मी माझे काम संपवून बसले होते. सकाळी दवाखान्यात जाताना तिने एका गिऱ्हाइकाचा फोटो माझ्यावर साफ करायला लावला होता. छातीत जळजळ होते आहे, दाखवून येते, असे शेजारणीला सांगून ती गेली. कॉम्प्युटर चालूच ठेवला. दुपारी तिचा नवरा धोंडप्पा आणि तिचा भाऊ बसू दवाखान्यातून परत आले. ती त्यांच्याबरोबर नव्हती. बसू उंबऱ्यावरच बसला. तो म्हणाला, "दाजी, अक्काचा एखादा फोटो द्या की. मोठा करून आणतो."

धोंडप्पा माझ्या स्क्रीनकडे बघत राहिला. त्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो माणसांचे फोटो होते. नागम्माचा एकही नव्हता. तिच्या मोबाईलमध्येही सगळे फोटो गिऱ्हाइकांचेच निघाले. आधार कार्डावरचा फोटो इतका काळा होता की तो कुणाचाही असू शकला असता.

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी कॉम्प्युटरच्या पेटीत आत असते. एक पाटी आणि तिच्यावर दोन पंखे, एवढेच माझे रूप. स्क्रीनवरचे चित्र लाखो ठिपक्यांचे असते. कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा, याची आकडेमोड मी करते. ती करताना मी फार तापते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर मला जीव नकोसा होतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पुण्यातल्या एका घरात माझ्यावर खेळ खेळले जात. त्या घरी माझ्यापेक्षा वेगवान कार्ड आले आणि मला विकून टाकले. फिरत फिरत मी सोलापुरात शाकीरच्या दुकानात पोहोचले. तो कॉम्प्युटरचे जुने-नवे भाग विकतो. तिथे मी काचेच्या कपाटात पडून राहिले. लोक मला हातात घ्यायचे, जुने आहे म्हणून परत ठेवायचे.

एके दिवशी नागम्मा आणि धोंडप्पा रिक्षातून अख्खा कॉम्प्युटरच घेऊन आले. नागम्मा शुक्रवार पेठेत घरीच फोटो दुरुस्तीचे काम करायची. घरात कोणी वारले की लोक तिच्याकडे यायचे. कुणाकडे लग्नाच्या गर्दीतला फोटो असायचा, कुणाकडे पाण्याने फुगलेला. त्यातून गेलेल्या माणसाचा चेहरा वेगळा काढायचा, साफ करायचा आणि भिंतीवर लावण्याएवढा मोठा करायचा. त्यासाठी नवे प्रोग्राम निघाले होते, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाशिवाय ते चालत नव्हते. जवळ पैसे तर बेताचेच होते.

शाकीरने दोन कार्डे पुढे ठेवली. तेवढ्या पैशांत नवे कार्ड येत होते, पण त्याची मेमरी लहान होती. मी जुने, माझी मेमरी दुप्पट. मेमरी म्हणजे आमची परात. परात लहान असली की जास्तीचे पीठ मळता येत नाही. धोंडप्पाला मात्र नवेच हवे होते. तो चिंचोळीच्या एका कारखान्यात फिटर आहे आणि जुन्या मशिनांनी त्याला आयुष्यभर छळले आहे.

"नव्याला वॉरंटी तरी हाय," तो म्हणाला. "ह्याचा काय भरवसा?"

"काम अडल्यावर वॉरंटी चाटायची का?" नागम्मा म्हणाली.

तिने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एका म्हाताऱ्याचा फाटका फोटो होता. तोच फोटो दोन्ही कार्डांवर चालवून दाखवा, असे तिने शाकीरला सांगितले. दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिले, तर नवे कार्ड अर्ध्यातच थांबले. मी पंखे घरघरवत का होईना, फोटो पूर्ण केला. पण अडचण माझ्यातही होती. तिच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लहान होता. मी पूर्ण जोराने चालले असते तर कॉम्प्युटर बंद पडला असता, आणि मोठा पॉवर सप्लाय घेणे परवडणारे नव्हते. कार्ड हळू चालवता येईल का, असे तिने विचारले. येईल, पण वेळ लागेल, असे शाकीर म्हणाला.

"लागू दे की. फोटोतल्या माणसाला कुठं घाई हाय?"

शाकीर हसला आणि म्हणाला, ताई, आता दुकानात तुम्हीच बसा. मला मात्र धोंडप्पानेच मांडीवर घेऊन घरी आणले.

पुढची काही वर्षे माझी चांगली गेली. नागम्मा ब्रशने माझी धूळ काढायची, उन्हाळ्यात पेटीचे झाकण उघडून समोर टेबलफॅन लावायची. मी फोटो साफ करायचे, पण जिथे चेहरा फाटलेला असेल तिथे मी अंदाजाने भरायचे. गालावरचा व्रण मला डागच वाटायचा आणि मी तो पुसायचे. म्हणून तिने माझे काम तसेच कधी दिले नाही. घरच्या माणसांना शेजारी बसवून ती विचारपूस करायची. सगळे आधी म्हणायचे, लई हसतमुख होते. मग ती विचारायची, चिडल्यावर कसे दिसायचे? तिथून माणसे खरे सांगू लागायची.

जेऊरहून आबासाहेब म्हणून एक शेतकरी आले होते. त्यांची आई बजाबाई रागावली की तिचा खालचा ओठ पुढे यायचा. नागम्माने माऊसने तो ओठ थोडासा पुढे घेतला. आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "आता वरडंल बघा," ते म्हणाले, आणि तोंडाला उपरणे लावून बसले.

अशी ही नागम्मा गेली. कार्याच्या दिवशी पाटावर नुसता दिवा ठेवला होता. कॉम्प्युटरवर चादर पडली. माझ्या पंख्यांत धूळ बसली. गिऱ्हाइके येत, धोंडप्पा दारातूनच सांगे, आता काम बंद आहे.

नंतर बसूने कुठून तरी एका लग्नाचा फोटो शोधून आणला. त्यात नागम्मा मागच्या रांगेत उभी होती. अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या आड गेला होता. धोंडप्पाने शाकीरला घरी बोलावले. शाकीरने चादर काढली, माझी धूळ झटकली आणि तो फोटो माझ्यावर लावला. मी माझ्याकडून काही कमी केले नाही. दिसत नव्हता तो अर्धा चेहरा मी भरून दिला. नितळ, सरळ, देखणा चेहरा आला.

धोंडप्पा खुर्ची पुढे ओढून बघत राहिला. "ही ती न्हाय," तो म्हणाला.

काय बदलू ते सांगा, शाकीर म्हणाला. डोळे का? हनुवटी? धोंडप्पाला सांगता येईना. मग शाकीरने सोपे विचारले. ताईंच्या नाकातली चमकी कुठल्या बाजूला होती? धोंडप्पाने स्वतःच्या नाकाला एका बाजूने बोट लावले, मग दुसऱ्या बाजूने, आणि हात खाली घेतला.

"ती हितं काम करत बसायची," तो म्हणाला. "मी ड्युटीवरनं आलो की मागं बसून चहा प्यायचो. मला तिची पाठच आठवती."

बसूभाऊंना फोन करून विचारू का, असे शाकीरने हळूच विचारले.

"नको. मला आठवंल."

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर धूळ बसू देऊ नका, एवढेच सांगून मी थांबले असते. पण घरातले माणूस समोर आहे तोवर त्याच्याकडे नीट बघून घ्या. नंतर तुम्ही माझ्यासारख्याकडे याल, आणि मला फक्त अंदाज करता येतो.

तो लग्नातला फोटो अजून कॉम्प्युटरमध्येच आहे. धोंडप्पा कामावरून आला की मला चालू करतो, काही वेळ बघतो आणि बंद करतो. नागम्माचा फोटो अजून झालेला नाही.