झिगुलीची मागची डावी स्प्रिंग

मी स्प्रिंग बोलतेय. आवाज जरा कुरकुरल्यासारखा वाटला तर मनावर घेऊ नका. ती तक्रार नाही, वय आहे. आत-बाशी गावच्या तोक्तोसुनच्या पांढऱ्या झिगुली गाडीत मागच्या डाव्या चाकावर मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, आणि त्या वर्षांचा मला आजही अभिमान आहे.

माझा जन्म इथून फार लांब, एका मोठ्या नदीकाठच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसती सरळ कांब होते. मला लालबुंद तापवलं, साच्याभोवती गुंडाळलं आणि तेलात बुडवलं. थंड होते न होते तोच एका यंत्राने मला पार जमिनीपर्यंत दाबलं आणि सोडून दिलं. मी होते तेवढी पुन्हा उभी राहिले. आपण कशासाठी आहोत हे मला त्याच क्षणी कळलं. वाकायचं आणि परत यायचं. याहून चांगलं काम मला या जगात अजून दिसलेलं नाही.

तोक्तोसुनने गाडी घेतली ती लग्नाच्या वर्षी. आनारकुल नवरी होऊन आली ती माझ्यावर बसूनच. पुढची जागा घरातल्या थोरांची, म्हणून ती मागे डावीकडे बसली. पुढे सासू-सासरे गेले, पुढची जागा तिचीच झाली, पण तिने आपला कोपरा काही सोडला नाही. खिडकीतून डोंगर तिथूनच नीट दिसतो, असं ती म्हणायची. मला मात्र वाटायचं की तिला माझी सवय झाली आहे. मलाही तिची झालीच होती. रस्त्यातला कुठला खड्डा तिला कळू द्यायचा नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण गाडीला काय एक आनारकुल होती? डिकीत मेंढ्या, टपावर यूर्तचे, म्हणजे लोकरी तंबूचे, नमदे, सीटवर पिठाची पोती, पायाशी घोडीच्या दुधाचे कॅन. गाडी भरताना या लोकांना जागा दिसते, वजन दिसत नाही. दारात बोट शिरेल एवढी फट उरली तरी आणखी एक नातेवाईक शिरायचाच. मी सगळ्यांना नेलं. नेता नेता बसत गेले, वीतभर खचले, आणि गाडी मागून खाली लोंबू लागली.

तेव्हा शेजारच्या इमानालीने इलाज सांगितला. इथे घरोघरी तोच करतात. जुन्या टायरचे जाड तुकडे कापून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये ठोकायचे. तोक्तोसुनने ठोकले. गाडी मागून उचलली गेली, आणि तो दोन्ही हात कमरेवर ठेवून समाधानाने बघत राहिला. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा तसं माझं झालं होतं. आता मी वाकू शकत नव्हते. दगड आला की तो सरळ सीटपर्यंत जायचा आणि मला आतल्या आत शरमेने मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या हिवाळ्यात आनारकुल विहिरीजवळच्या बर्फावरून घसरली आणि तिची कंबर मोडता मोडता राहिली. डॉक्टरांनी घोड्यावर बसणं बंद केलं आणि धक्के बसतील अशा कुठल्याही वाहनात जाऊ नको म्हणून सांगितलं. नेमका जायलूला, म्हणजे उन्हाळी कुरणाला जायचा रस्ता खिंडीतून जातो, आणि तो रस्ता नावापुरताच रस्ता आहे.

वसंतात तोक्तोसुनने तिला गाडीत बसवून पुलापर्यंत नेऊन पाहिलं. परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. बिश्केकहून लेकीचा, जिपारचा फोन आला. आई, उन्हाळा इथे काढ, लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे. तोक्तोसुन हो म्हणाला. आनारकुलने घोडीच्या दुधाचं किमीझ आंबवायची चामड्याची पिशवी काढली, आतून चरबी चोळून मऊ केली आणि इमानालीच्या बायकोला देण्यासाठी दाराशी ठेवली. ती पिशवी तिने जन्मात कुणाच्या हाती दिली नव्हती. यंदा ती वर गेली नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही, हे त्या घरात सगळ्यांना कळलं होतं. फक्त तोंडाने कुणी म्हणत नव्हतं.

अशात तोक्तोसुनचा धाकटा भाऊ मेलिस नारीनहून आला. त्याने गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही.

"बाइके, या स्प्रिंगा आहेत की भिंत बांधली आहेस?" त्याने भावाला विचारलं.

तोक्तोसुन म्हणाला, ओझं उचलायला घातलंय ते.

"आता मेंढ्या न्यायच्या नाहीत. जेंगेला न्यायचंय."

जेंगे म्हणजे वहिनी. दुसऱ्याच दिवशी दोघं भाऊ बाजारातून नव्या स्प्रिंगांची जोडी घेऊन आले. दोन्ही बाजूंच्या एकदम बदलायच्या, हे मेलिसला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल मी त्याला मनापासून दाद देते.

गाडी वर उचलली. चाकं हवेत लोंबकळली. मला आणि माझ्या जोडीदारणीला बाहेर काढलं आणि भिंतीशी उभं केलं. शेजारी ठेवलेली नवी माझ्यापेक्षा पंजाभर उंच होती, काळी कुळकुळीत. मी तिला रस्त्याच्या चार गोष्टी सांगितल्या. ती काहीच बोलली नाही. अंगावर ओझं आल्याशिवाय आम्हाला वाचा फुटत नाही.

दोन्ही नव्या बसल्या, एवढ्यात इमानाली गरम भाकऱ्या आणि लोणी घेऊन आला. नव्या सुनांचं तोंड बघायला आलोय, रिकाम्या हातांनी कसा येऊ, असं त्याने फाटकातूनच ओरडून सांगितलं. आतून हाक आली की दस्तरखान मांडलाय, भाकरी मोडलीय. आता इथल्या माणसाला तुम्ही आग लागली म्हणून सांगा, तो थोडा थांबेल. पण भाकरी मोडली म्हटल्यावर तिला ताटकळत ठेवणं त्याला जमणार नाही. मेलिसने चाकं हवेत लोंबत होती तशीच ठेवली, सगळे बोल्ट घाईघाईने आवळून टाकले आणि हात पुसत आत गेला. आतून हसण्याचे आवाज आले. मग तळवे वर करून बाता, म्हणजे आशीर्वाद, म्हटला गेला.

मी भिंतीशी उभी राहून सगळं पाहिलं होतं. मागच्या आसाला धरून ठेवणारे जे लोखंडी दांडे असतात त्यांच्या टोकांना रबर असतं. ज्या स्थितीत आवळाल ती स्थिती ते रबर जन्मभर लक्षात ठेवतं. यांनी ते हवेत आवळलं. आता गाडी जमिनीवर उभी राहिली की रबर पिळवटणार आणि प्रत्येक हेलकाव्याला आस मागे खेचणार. मला हे ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं.

जेवणानंतर आनारकुल मागे डावीकडे बसली. गाडी पुलापर्यंत गेली आणि परत आली. ती सावकाश उतरली, "छान झालीय," म्हणाली, आत गेली आणि शहरात न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालू लागली.

तोक्तोसुन अंगणात उभाच राहिला. मेलिस चिडला. मालच खोटा दिला म्हणून त्याने विकणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली, गाडी पुन्हा वर उचलली आणि स्प्रिंगा काढून परत नेण्यासाठी खाली शिरला.

चहाचा चोथा टाकायला आनारकुल बाहेर आली. तिची नजर लोंबणाऱ्या चाकांवर गेली आणि ती थांबली.

"मघाशी आवळलंस तेव्हाही गाडी अशीच टांगलेली होती?"

"मग कशी असणार, जेंगे? खाली असती तर तू आज माझ्या मयताचं जेवण घातलं असतंस."

"म्हणजे घोड्याने पोट फुगवलेलं असताना तू खोगिराचा तंग आवळलास."

गाडीखालचा पाना थांबला.

"धक्का लागला नाही मला," ती म्हणाली. "गाडी उठायला जायची आणि कुणीतरी मागून खेचायचं. तंग चुकीचा बसला की घोडा असाच चालतो. आधी तिला तिच्या पायांवर उभी राहू दे, श्वास सोडू दे. मग आवळ."

"अगं, पण ही गाडी आहे."

"मी तुला खोगीर घालायला शिकवलं तेव्हा तू म्हणालास, अगं, पण हा घोडा आहे. आणि ओढ्यात पडलास."

इमानाली एवढा हसला की त्याला फाटकाचा आधार घ्यावा लागला.

मेलिसने बोल्ट सैल केले. गाडी ओढ्याकडच्या चरावर आणून चारी चाकांवर उभी केली, म्हणजे खालून हात घालता येईल. तोक्तोसुन आणि इमानाली आत बसले आणि गाडी वरखाली हलवत राहिले. रबरातला पीळ सुटताना एक बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. जुन्या ओळखीचा आवाज होता तो. नवीला वाचा फुटली होती.

तेवढ्यात इमानालीच्या बायकोने शेजारच्या घरातून हाक मारली, चहा झाला, भाकरी मोडलीय. मेलिसचा हात थबकला.

"आवळ तू," आनारकुल म्हणाली. "भाकरी थांबेल. मी सांगते तिला."

त्या अंगणात असं वाक्य त्याआधी कुणी बोललं नसेल. मेलिसने एकेक बोल्ट सावकाश, शेवटपर्यंत आवळला.

मग ती पुन्हा मागे डावीकडे बसली. गाडी पुलावर गेली. आता वळेल म्हणून मेलिस पाहत होता. ती वळली नाही. पुलापलीकडे धूळ उठली, लांब गेली आणि खिंडीच्या पायथ्याशी दिसेनाशी झाली. मेलिस दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. चहा निवून गेला.

गाडी परतली तेव्हा आनारकुलच्या हातात डोंगरी कांद्याची पात होती, मुळांना ओली माती. तिने ती मेलिसच्या मांडीवर टाकली. मग दाराशी ठेवलेली चामड्याची पिशवी उचलली आणि आत आपल्या खुंटीला परत अडकवली. तोक्तोसुनने बिश्केकला फोन लावला आणि जिपारला म्हणाला, "यंदा तूच ये वर. लिफ्ट नाही, पण तुझी आई असेल."

निघायच्या दिवशी मेलिस मला आणि माझ्या जोडीदारणीला भंगारात टाकायला निघाला होता. जोडीदारीण गेली. तिला माझा निरोप आहे. मला मात्र आनारकुलने अडवलं. हिला वर न्या, म्हणाली, कारण सांगितलं नाही.

आता मी जायलूवर आहे. तोक्तोसुनने माझं बूड यूर्तच्या दाराशी जमिनीत पुरलंय, डोक्यावर जाड फळी ठोकलीय, वर नमदा. किमीझच्या पिशवीत रवी घुसळताना आनारकुल माझ्यावर बसते. मोठमोठी ओझी उचललेल्या मला तिचं वजन काय? दोन बोटं वाकते फक्त. पण तिची कंबर ओळखते मला. ती पुढे झुकली की मी झुकते, मागे टेकली की सावरते. वेढ्यांमधलं रबर केव्हाच काढून टाकलंय.

तुमच्या दारात एखादी जुनी गाडी असेल तर माझं एवढं ऐका. मागून लोंबायला लागली तर आमच्या तोंडात बोळे कोंबू नका. आम्ही थकलो असू तर खुशाल बदला, आम्हाला वाईट वाटत नाही. आमच्या जागी येणारीला मात्र तिच्या पायांवर उभी राहू द्या, श्वास सोडू द्या, मग आवळा. तेवढा वेळ भाकरी खरंच थांबते.

खाली ओढ्याकडे शिंगरू खिंकाळतंय. दूध काढायची वेळ झाली. आनारकुल गुडघ्यावर हात ठेवून उठते, आणि तिच्या पाठोपाठ मीही दोन बोटं उठते, पूर्ण उंच. मग ती परत येऊन बसेपर्यंत तशीच उभी राहते.