चौकट, चौकट

"पुन्हा तेच म्हणतोय," काका म्हणाले आणि कानावरचा हेडफोन काढून त्यांनी तो शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंच्या हातात दिला. "तुम्हीच ऐका."

बाईंनी हेडफोन लावला. काकांनी खालच्या बाणाची कळ दाबली. चौकट, यंत्रातला आवाज म्हणाला. त्यांनी पुन्हा दाबली. चौकट. बाईंना पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं: मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता. आवाजाला मात्र त्यातलं काहीच दिसत नव्हतं. खिडकीपलीकडे दाखला न्यायला आलेले एक गृहस्थ कधीचे ताटकळत उभे होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं त्यांना हाक मारली, आणि ते तिकडे सरकले. त्यांच्या चपलांचा आवाज काकांनी ऐकला.

काका शाळेच्या कार्यालयात कारकून होते. शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. लहानपणी तापात त्यांची दृष्टी गेली होती, पण शाळेत कुणी त्यांची ओळख तशी करून देत नसे. दाखले काढणारे काका, पालकांना पत्रं लिहिणारे काका, एवढीच ओळख पुरेशी होती. त्यांचा संगणक पडद्यावरचं सगळं त्यांना वाचून दाखवी, तेही इतक्या भरभर की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर त्याला नुसतं माशा घोंघावल्यासारखं वाटे. काका त्या घोंघावण्यातून नावं वेचत. पालक खिडकीशी येऊन छत्री मिटेपर्यंत दाखला छापून तयार असे.

संध्याकाळी घरी गेले की ते बायकोला दिवसभरातली नावं सांगत. एकाच घरातल्या भावंडांनी आडनाव कसं वेगवेगळं लिहिलंय, कुणी मुलाच्या जन्मतारखेच्या जागी स्वतःचीच घातलीय. ती भाजी निवडता निवडता हसे.

मग शाळेतले संगणक बदलले. म्हणजे यंत्रं तीच राहिली, ती चालवणारी आतली ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. जुनी सिस्टीम कंपनीनं बंद केली होती, नवी त्या जुन्या यंत्रांना पेलत नव्हती, आणि नवी यंत्रं घेण्याची शाळेची ऐपत नव्हती. बाईंनी सभेत मुक्त सिस्टीमबद्दल सांगितलं. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात आणि सगळ्यांसाठी खुली ठेवतात. तिला परवाना लागत नाही. ती आतून कशी चालते ते कुणीही बघू शकतं, काही बिघडलं तर कुणीही दुरुस्त करू शकतं. सभेत सगळ्यात आधी टाळी वाजवली ती काकांनी. कुणाला काही विचारावं लागू नये, ही गोष्ट त्यांना फार आवडली होती. उभ्या जन्मात त्यांना प्रत्येक गोष्ट कुणाला तरी विचारून करावी लागली होती.

आणि खरोखरच संगणक प्रयोगशाळेचं रूप पालटलं. मेलेली यंत्रं चालू झाली. पूर्वी एका संगणकाभोवती मुलांची झुंबड उडे, आता ज्याला त्याला आपापली जागा मिळाली. मधल्या सुट्टीतही तिथून कळांची टकटक ऐकू येई, आणि जाता-येता काका दारात क्षणभर थांबत.

बाईंनी काकांचाही विचार आधीच केला होता. वाचून दाखवणारा आवाज या सिस्टीममध्येही होता. जरा कोरडा, पत्र्यावर खडे पडावेत तसा, पण काकांनी त्याची सवय करून घेतली. पत्रं तो नीट वाचे. अडलं ते नोंदींच्या प्रोग्रॅमपाशी. मुलांची सगळी माहिती, पत्रांना लागणारी नावं-पत्तेसुद्धा, आता त्यात होती, तोही असाच लोकांनी मिळून बनवलेला, आणि तो बनवताना न पाहता काम करणारं कुणी असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून आवाज तिथल्या प्रत्येक रकान्याला नुसतं चौकट म्हणे.

बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून थांबून खटपट केली. त्यांच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. त्यांनी बनवणाऱ्यांना लिहिलं. कुठल्याशा दूरच्या देशातून एकाचं सौजन्यपूर्ण उत्तर आलं: आपलं म्हणणं बरोबर आहे, सवड मिळेल तसं पाहू. तोही बिचारा आपली नोकरी सांभाळून हे करत होता.

मुख्याध्यापिकांनी काकांना बोलावून घेतलं. त्या भल्या बाई होत्या, त्यामुळे त्यांना ते सांगणं जड गेलं. तूर्त फोनपाशी बसा, म्हणाल्या, दुरुस्ती झाली की आपल्या जागेवर या. काका बरं म्हणाले. त्या दिवसापासून ते प्रवेशद्वाराजवळच्या छोट्या टेबलाशी बसू लागले. फोन आला की शाळेचं नाव सांगायचं, "धरा हं, जोडून देतो," म्हणायचं, आणि जोडून द्यायचं. पलीकडचा माणूस कोण, त्याचं काम झालं की नाही, हे त्यांना कळत नसे.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं, काम हलकं झालंय. तिनं पुढं काही विचारलं नाही. पण संध्याकाळी सांगण्यासारखं त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं. काही दिवसांनी ती भाजी निवडताना रेडिओ लावू लागली.

एका दुपारी बाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. काकांनी पावलांवरून त्यांना ओळखलं होतं.

"काका, माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरती जुनी सिस्टीम राहू द्यायला हवी होती. मी म्हटलंही होतं. पण सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी हव्यात, असं संस्थेचे लोक म्हणाले."

"तुमचं काय चुकलं? पोरांना यंत्रं मिळाली. मी ऐकतो की रोज."

"तरी पण."

काकांनी फोनची वायर सरळ केली. "एक सांगू का बाई? रागानं नाही सांगत. तुम्ही सभेत म्हणालात, हे कुणीही दुरुस्त करू शकतं. ते ऐकून मला वाटलं होतं, म्हणजे कुणीतरी करेलच."

फोन वाजला. काकांनी तो उचलला.

तूर्त म्हणता म्हणता काकांची निवृत्ती आली. निरोपसमारंभात मानपत्र वाचलं गेलं. पूर्वी शाळेतली सगळी मानपत्रं काकाच लिहीत, हे यंदा लिहिणाऱ्या तरुण शिक्षिकेला ठाऊक नव्हतं. ती नवीन होती, तिनं जे पाहिलं होतं ते मनापासून लिहिलं. फोनवरचा हसतमुख आवाज, असा त्यांचा गौरव झाला. दाखल्यांचा, पत्रांचा उल्लेख नव्हता. टाळ्या थांबल्यावर काका उठले, सगळ्यांचे आभार मानले, आणि मानपत्राची भाषा फार छान होती असं आवर्जून म्हणाले. शेजारी बसलेल्या बायकोनं त्यांच्या हातातला नारळ आपल्या पिशवीत घेतला, आणि घरी पोचेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी बाईंचा घरी फोन आला. त्या धाप लागल्यासारखं बोलत होत्या. त्या दूरच्या माणसाला अखेर सवड मिळाली होती. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, आणि त्यात सगळं वाचलं जात होतं. या ना काका, ऐकून तर जा.

काठी घेऊन काका एकटेच गेले. रस्ता पायांना पाठ होता. कार्यालयात त्यांच्या जागी आता एक नवी कारकून मुलगी बसे. ती लगबगीनं उठली आणि बाजूला झाली. काका बसले. खुर्ची बरीच उंच केलेली होती, त्यांचे पाय जेमतेम चवड्यांवर टेकले. सवयीनं त्यांचा हात बैठकीखालच्या, उंची कमी करायच्या दांडीकडे गेला, दांडी बोटांना लागली. क्षणभर त्यांनी ती तशीच धरून ठेवली. मग हात काढून घेतला आणि हेडफोन कानाला लावला.

आवाज एक एक नोंद वाचू लागला. मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता.

"येतंय ना?" बाईंनी विचारलं.

"स्पष्ट येतंय," काका म्हणाले. आणि चवड्यांवर तोल सांभाळत, खुर्ची होती तशीच ठेवून, त्यांनी ती नोंद शेवटपर्यंत ऐकली.