पितृपक्षातली मोजणी

उन्नतीनं सूड घ्यायचं ठरवलं ते पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनाचं चॉकलेट तोंडात विरघळत असतानाच.

त्या दिवशीच्या ग्रामसभेत भिंतीएवढा फ्लेक्स लागला होता. 'गावाचा वीस वर्षांचा आराखडा.' तारापूरच्या किनाऱ्यावरचं मुठीएवढं गाव, पण फ्लेक्सवर त्याला बाग होती, सायकलचा रस्ता होता, आणि बंदराशेजारी, जिथं साठ बाया बोंबील सुकवतात, तिथं एक पिवळा चौकोन होता. त्यात लिहिलेलं: 'रिकामी जागा. नियोजित वाहनतळ.' केळव्याच्या चौपाटीवर गर्दी मावेनाशी झाली की मुंबईच्या गाड्या इकडं वळणार, आणि वळल्या की उभ्या कुठं राहणार, ही सरपंच प्रतापशेठची वीस वर्षांची काळजी.

उन्नतीची आई जमना उठली. "शेट, ती जागा रिकामी नाय. तिथं आमच्या वलांड्या हायत."

वलांडी म्हणजे बांबूंची उंच चौकट. तिच्या दोरांवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगायच्या. ती जागा गेली तर जमनाला टांगायला गावात दुसरी हातभर वाळू नव्हती, आणि घर सगळं त्या दोरांवरच लटकलेलं.

"मोजणीवाल्यांना एक बांबू दिसला नाय तिथं," प्रतापशेठ म्हणाला.

"ते आलते जुलैत. मासेमारीच्या बंदीत बोटी वर, मासली नाय, मग वलांड्या उभ्या ठेवून पावसात कुजवू काय? बांबू सोडून घरात ठेवतो आमी."

"जमनाबाय, तुमी बोंबील वाळवा. नकाशा वाचायचं काम आमच्यावर सोडा."

सभा खदखदून हसली. उन्नतीला झोंबलं ते वेगळंच. आईसुद्धा हसली, लाज झाकायला माणूस हसतं तसं, आणि पदर सावरत खाली बसली.

ग्रामसेवक रामनाथभाऊंनी माइक घेतला. हरकती आणि सूचना लेखी द्या, पुढच्या सभेत वाचून दाखवू, म्हणाले. उन्नती बोईसरच्या कॉलेजात अकरावीला. अर्ज लिहिणं तिला नवं नव्हतं, पण साधी हरकत लिहायला तिचा हातच उठेना. हरकत फाइलीत जाऊन झोपते, हे तिला ठाऊक होतं. तिला प्रतापशेठच्याच तोंडून कबुली वदवून घ्यायची होती.

वेशीवर प्रतापशेठचं लग्नाचं लॉन होतं. उन्नतीनं मोबाइलवर त्याचा सातबारा काढला, तर अर्धं लॉन त्याच्या नावावर आणि उरलेलं अर्धं चक्क सरकारी गुरचरण. ती एवढ्या जोरात नाचली की शेजारची कोंबडी पत्र्यावर चढली.

मग तिनं पितृपक्षाची वाट बघितली. त्या पंधरवड्यात कोण लग्न लावतं? लॉनवर खुर्ची नाही, मांडव नाही, सनईचा सूर नाही. मैत्रीण हिना टेपचं दुसरं टोक धरायला आली.

"क्या नाप रही हो बेटा?" रखवालदारानं विचारलं.

"कॉलेज का प्रोजेक्ट है, चाचा."

चाचानं टेप ताणायला मदतसुद्धा केली.

ऑक्टोबरच्या सभेत रामनाथभाऊ एकसुरात वाचत होते. दिवे, गटारं, स्मशानाची शेड. मग ते थबकले, चष्मा पुसला, आणि वाचलं, "सूचना क्रमांक नऊ. वेशीवरची गुरचरणाची जागा सोळा सप्टेंबरला मोजली असता पूर्ण रिकामी आढळली. फोटो सोबत. तरी आराखड्यात ती 'रिकामी जागा' दाखवून तिथं मासळी सुकवायची सोय करावी. एकशे बारा सह्या."

प्रतापशेठ ताडकन उठला. "कोण म्हणतं रिकामी? लग्नाच्या लॉनवर बोंबील वाळवता? पितृपक्षात मोजलं तर दुसरं काय दिसणार? सिझनला येऊन बघा, एक तारीख मोकळी नसते. अकरा वर्षं वापरतोय मी ती जागा."

उन्नती हळूच म्हणाली, "रामनाथभाऊ, शेटचं बोलणं जसंच्या तसं लिहून घ्या. सिझन नसताना मोजली म्हणून जागा रिकामी होत नाय. आणि अकरा वर्षं गुरचरण वापरतात, तेपण."

मागून म्हातारी रत्नाबाई म्हणाली, "मग शेट, आमचा बी सिझन मोजा की."

हशा असा उठला की फ्लेक्स हलला. रामनाथभाऊंनी खाली मान घालून दोन्ही वाक्यं लिहिली. बायांनी ठरावावर सह्या ठोकल्या आणि पिवळ्या चौकोनात नवी अक्षरं आली: 'मासळी सुकवण्याची जागा'.

दुसऱ्या सकाळी प्रतापशेठ बंदरावर आला. वलांड्या नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. जमना बोंबील टांगत होती, उन्नती पाटी धरून उभी. सरकारी जागेवर अतिक्रमण निघालं की सरपंचाचं पद जातं, हे त्याला रात्रीतून कुणीतरी सांगितलं असावं. चेहरा पार उतरलेला.

"पोरी, जागा मिळाली तुमाला. लॉनचं तेवढं पुढं नेऊ नको. हितं शेड देतो, लाइट देतो, पाण्याचा नळ देतो."

जमना हळूच म्हणाली, "जाऊ दे ग. काम झालं आपलं. गावात राहायचंय आपल्याला."

"राहू की, आये. शेटपण राहू देत. फक्त सरपंच म्हणून नको."

"माज आलाय हिला," प्रतापशेठ जमनाकडं बघून म्हणाला.

जमनानं पुढची जोडी घेतली, जबड्यात जबडा अडकवला, दोरावर टांगली आणि उन्नतीच्या हातातली पाटी काढून घेतली. "जा मग. यष्टी चुकंल."

पालघरला जिल्हाधिकारी कार्यालयात तासभर रांग होती. उन्नतीनं सभेच्या इतिवृत्ताची नक्कल, फोटो आणि तक्रार खिडकीतून आत सरकवली. पोचेवर शिक्का वाकडा उमटला. तिनं कागद परत आत ढकलला.

"सर, नीट मारा ना. तारीख वाचता आली पायजे."