घोड्याला हात लावू नका

सिनेमात हरायला माणूस हवा असला की त्यालाच बोलावणं जायचं. कुस्तीत चीत होणारा, निवडणुकीत अनामत रक्कम घालवणारा, प्रेमात हात हलवत परत येणारा, सगळं त्यानं करून झालं होतं. स्टुडिओत त्याचं नावच पडलं होतं पडेल. चेहराही देवानं तसाच दिलेला. रागावला तरी माफी मागतोय असं वाटायचं. बायकोनं त्याचा एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. ती औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. म्हणायची, "दिवसभर आजारी चेहरे बघते मी. वर तिकीट काढून हरलेला नवरा कशाला बघू?"

या खेपेला सरकारी टीव्हीवाले बुद्धिबळावर सिनेमा काढत होते. सरकारचा लाडका जगज्जेता एका बंडखोर खेळाडूला धूळ चारतो, अशी गोष्ट. जगज्जेता अर्थातच हिरो, आणि धूळ खायला पडेल. खेळ खरा वाटावा म्हणून एका निवृत्त शिक्षिकेला आणलं होतं. त्यांना सगळे बाई म्हणत. हिरोनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आपण चेहऱ्यावर खेळतो, पटावर नाही. पडेलनं मात्र मनावर घेतलं. रोज घरी जेवणाच्या टेबलावर पट मांडून तो बायकोला समोर बसवायचा, आणि तिच्याकडूनही हरायचा.

शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता आणि सरकार पडलं. सकाळी टीव्हीवर नेहमीचा निवेदक दिसला नाही. दुपारी स्टुडिओत नवे साहेब आले. कालपर्यंत टीव्ही ज्यांना देशद्रोही म्हणत होता, त्यांच्यातलेच ते.

"बंडखोर जिंकला पाहिजे," साहेबांनी फर्मावलं. "आणि शेवट संध्याकाळच्या बातम्यांत थेट दाखवायचा."

"मला आधीपासून तसंच वाटत होतं," दिग्दर्शक म्हणाला. दिग्दर्शकांना आधीपासून तसं वाटायला फार वेळ लागत नाही.

पडेलनं धावत जाऊन दुकानात फोन लावला. "अगं, आज मी जिंकतोय."

पलीकडून बायकोनं विचारलं, "नक्की?"

"वरून हुकूम आहे."

"मग लावते दुकानातला टीव्ही," बायको म्हणाली. एकदा, फक्त एकदा तिनं त्याला जिंकताना पाहावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पण घोडं पेंड खात होतं ते पटावर. आधीच्या चित्रणात पट वरून दाखवून झाला होता, त्यामुळे एकही मोहरा इकडचा तिकडे करायची सोय नव्हती. बाईंनी विचार करून तोडगा काढला. हिरोनं उंट सरकवायचा, मग पडेलनं हत्तीनं मात द्यायची.

"फक्त घोड्याला हात लावू नका," बाईंनी हिरोला बजावलं. "घोडा सोडून काहीही."

जुन्या सरकारच्या मेजवान्यांत हिरोचे फोटो ढिगानं निघाले होते, त्यामुळे त्याची पाचावर धारण बसली होती. तो मान डोलवत पुटपुटत राहिला, घोडा नाही, घोडा नाही. माणसाला एखादी गोष्ट करू नको म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

बातम्या सुरू झाल्या, कॅमेरा पटावर आला. हिरोनं हात पुढे केला आणि घोडा उचलून ठेवला.

पडेलनं पाहिलं. त्याचा राजा कोपऱ्यात, भोवती स्वतःचेच मोहरे दाटीनं उभे, आणि घोड्याचा शह. मात झाली होती, खेळ संपला होता. स्टुडिओत हे कळलं फक्त त्याला आणि बाईंना. बाईंनी तर डोळेच मिटून घेतले. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून हत्तीकडे बोट दाखवत होता. उचलायचा, ठेवायचा, जिंकायचं. विचारतंय कोण? पडेलला भयंकर राग आला. हिरोचा आला, घोड्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण आता त्याला खेळ कळत होता. त्याचा हात हत्तीपर्यंत गेला. तिथं जरा घुटमळला. मग त्यानं स्वतःचा राजा आडवा केला आणि हिरोचा हात हातात घेतला.

"राजा पाडला, शाब्बास," म्हणत साहेब टाळ्या वाजवू लागले. कोणाचा, ते त्यांनी पाहिलं नाही. नव्या निवेदिकेला मजकूर आधीच लिहून दिलेला होता. तिनं तो ठसक्यात वाचला. बंडखोराचा दणदणीत विजय. घरी जाताना रस्त्यात लोक पडेलला अडवून अडवून अभिनंदन करत होते. "अहो, मी हरलो," असं त्यानं दोघातिघांना सांगून पाहिलं, पण त्यांना तो विनय वाटला.

बायको टेबलाशी बसली होती. आल्या आल्या पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"पाहिलंस?" त्यानं विचारलं.

"पाहिलं."

"टीव्हीवर सांगत होते की—"

"टीव्हीला काय कळतंय? मात झाली होती तुमच्यावर. तुमचा हात हत्तीकडे गेला, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. म्हटलं, आता हा माणूस फसवतो."

पडेल खुर्चीत बसला. त्याला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटेना.

"दुकानात सगळे नाचत होते," बायको म्हणाली. "तुमचा नवरा जिंकला, तुमचा नवरा जिंकला. मी म्हटलं, जिंकला नाही, हरलाय. आणि कसा हरलाय, ते मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितलं."