मास्तरांचे मुके पाय

"डॉक्टर, सुरू करा की आता. नुसते डोळे मिटून बसायला मी काय ध्यानाला बसलोय?"

उंच खुर्चीवर पाय पसरून बसलेले टेलर मास्तर डोळे मिटूनच हसले. त्यांच्या पायांशी, ठेंगण्या स्टुलावर, पायांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या हातातील बारीक दांडीच्या टोकाला नायलॉनचा एक आखूड, ताठ धागा बसवलेला होता. तो तळव्याला टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा आणि रोग्याने 'लागलं' म्हणायचे, एवढीच ती परीक्षा. प्रथम तो त्यांनी मास्तरांच्या मनगटावर टेकवून दाखवला होता. तेव्हा मास्तर तत्काळ म्हणाले होते, "नायलॉन. पण जाड आहे हो. याने मी बटणंसुद्धा लावणार नाही."

भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या त्यांच्या पत्नीचे डोळे मात्र उघडे होते. धागा अंगठ्याला टेकला, वाकला. करंगळीखाली टेकला, वाकला. चवड्यावर टेकला. प्रत्येक वेळी तिने पतीच्या ओठांकडे पाहिले. ओठ हलले नाहीत.

"झालं, मास्तर. उघडा डोळे."

"झालं? अहो, तुम्ही अजून हात कुठे लावलात?"

मास्तरांनी पत्नीकडे पाहिले. ती पिशवीचे बंद उगाच बोटाभोवती गुंडाळत होती.

"अगं, लावला का त्यांनी?"

"लावला," ती म्हणाली. "सगळीकडे लावला."

मास्तर क्षणभर आपल्या पायांकडे असे पाहत राहिले, जणू ते कुणी दुसऱ्यानेच तेथे आणून ठेवले होते.

वस्तुतः ते आले होते एका कुरुपासाठी. उजव्या चवड्याखाली कातडी कठीण झाली होती, आणि शिवण उसवायच्या पात्याने ती तासण्याचा परिपाठ मास्तरांनी बरेच दिवस चालवला होता. दुखत नव्हते, म्हणून फारसे मनावर घेतले नव्हते. त्यांना खरी काळजी होती मशीनची. पायाने चालवायचे ते जुने मशीन अलीकडे लंगडू लागले होते. टाका मध्येच लांब पडे, मध्येच आखूड. मेकॅनिक दोनदा येऊन तेल देऊन गेला, चाकावरचा चामडी पट्टा बदलून गेला, आणि शेवटी वैतागून म्हणाला, "मास्तर, मशीन तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे." मास्तरांनी तो इसम अर्धवट शिकलेला ठरवला होता.

मग परवा एका पांढऱ्या अस्तरावर रक्ताचे ठिपके दिसले. मास्तर कडाडले, "सुई टोचून घेतलीस ना? कितीदा सांगितलं, अंगुस्तान घालत जा म्हणून!" पत्नीने दोन्ही हात उजेडात धरले. बोटे स्वच्छ होती. मग तिने त्यांची बोटे तपासली. तीही स्वच्छ होती. शिंप्याच्या घरात रक्त दिसले की बोटेच पाहायची, हा दोघांचा आयुष्यभराचा नेम. ते कापड जमिनीवर पडले होते आणि मास्तर अनवाणी त्यावर उभे राहिले होते, हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचा पाय आपल्या मांडीवरील स्वच्छ टॉवेलवर घेतला. मास्तर संकोचून पाय मागे ओढू लागले.

"असू द्या हो. माझं कामच आहे ते."

"माझ्या पायाला आजवर कुणी हात लावला नाही. हिनेसुद्धा."

"तुम्ही लावू दिलात कधी?" बाकावरून उत्तर आले.

बाई निवांतपणे कठीण कातडीचे पापुद्रे काढू लागल्या. त्या कामात घाई नव्हती, किळस नव्हती. एखादी वृद्ध पुजारीण मूर्तीवरील सुकलेले चंदन उतरवते, तशी ती बोटे चालत होती. पापुद्र्यांखाली जखम होती. जखमेत, आल्या आल्या बाईंनी काढायला लावलेल्या एक्स-रेवर दिसली होती तेथेच, काहीतरी काळे चमकले. बाईंनी चिमट्याने ते बाहेर काढून वाटीत टाकले. टिण्ण असा आवाज झाला.

मास्तर पुढे वाकले. "ही तर माझ्या मशीनच्या सुईची अणी! अगं, सुई तुटली तेव्हा आपण चुंबक फिरवून फिरवून शोधली ती हीच."

"सगळ्या घरात फिरवलात," पत्नी म्हणाली, "तुमच्या पायाखाली तेवढा राहिला."

तिघेही हसले. मग मास्तरांनी विचारायचे ते विचारून टाकले.

"पाय राहील ना, डॉक्टर?"

"राहील. हाडापर्यंत गेलेलं नाही. पण साखरेनं नसा थकल्यात, मास्तर. आता तो तुम्हाला काही सांगायचा नाही. रोज तुम्हीच त्याची चौकशी करायची. तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही. आणि ते पातं..."

"टाकून देतो."

"ते शिवण उसवायला ठेवा. कुरूप उसवायला माझ्याकडे या."

"आणि मशीन?"

"जखम भरेपर्यंत पायडलला पाय लावायचा नाही."

राहील म्हटल्यावर सैलावलेला मास्तरांचा चेहरा या उत्तराने पुन्हा आवळला.

घरी मशीनवर एक कोट अर्धा शिवून पडला होता. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा, त्याच्या जन्मातला पहिला कोट. मुलीने फोनवर नेहमीचे सांगितले, "बाबा, मोटर बसवून घ्या ना आता तरी." मास्तर म्हणाले, "मोटरला कॉलर कळत नाही." मग पट्टी बांधलेला पाय पुढच्या स्टुलावर ठेवून ते कोटाकडे पाहत बसले. दिवस कलला तरी तसेच.

पत्नीने हात पुसले आणि येऊन म्हणाली, "सरका."

"कुठे?"

"बाकावरच, कडेला. पाय तिकडे स्टुलावरच राहू द्या. कापड तुम्ही धरा, पायडल मी मारते."

"तुला जमायचं नाही."

"सरका म्हटलं ना!"

पहिल्या शिवणीत दोरा तुटला. दुसऱ्या शिवणीत मास्तरांचा धीर. "हळू! अगं, हळू! गाडी पकडायचीय का?"

"तुमचं तोंड थांबलं की माझे पाय थांबतील."

मास्तरांनी चाकाला हाताने गती दिली. तिने पायडल धरले आणि शिवण सरळ धावू लागली. कॉलरची वळणे आली. तेथे गती उतरवावी लागते. कापड बोटांनी वळवायला तेवढा अवकाश लागतो. मास्तर 'हळू' म्हणण्यासाठी श्वास घेणार, तोच पायडल आपण होऊन मंद झाले. वळण सरले, तसे पुन्हा सावकाश वाढले.

मास्तरांनी मान वळवली. "तुला कुणी सांगितलं इथं हळू व्हायचं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात तोच आवाज ऐकत आलेय. कॉलर आली की तुम्ही हळू होता. खिसा आला की थांबता, खोकता, मग पुढे जाता."

"मी खोकतो?"

"दर खिशाला."

कोट वेळेवर गेला. बेकरीवाला तो अंगावर चढवूनच दुकानात परतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बाह्यांना पीठ लागलेले दिसले, तेव्हा मास्तरांना कृतार्थ वाटले.

दर आठवड्याला पट्टी बदलण्यासाठी ते दवाखान्यात जाऊ लागले. रोज रात्री पत्नी दिव्याजवळ त्यांचे तळवे पाही, टाचांच्या भेगांना मलम लावी, बोटांच्या बेचक्या कोरड्या करी. सुरुवातीला मास्तर छताकडे पाहत. पुढे पुढे ते त्या वेळी दिवसभराच्या गोष्टी सांगू लागले. रुंद पुढच्या भागाचे, मऊ तळाचे बूट बनून आले. सकाळी ती त्यांत हात घालून टोकापर्यंत बोटे फिरवी, मग म्हणे, "घाला." त्या एका शब्दाविना मास्तर उठेनासे झाले.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली नाही. नवी, गुलाबी त्वचा जमून आली होती. त्यांनी तो धागा पुन्हा काढला. मास्तरांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"लागलं," मास्तर म्हणाले. "टाचेला. खरं ना?"

"खरं. तेवढी टाच अजून शाबूत आहे. बाकीचं परत येईल असं मी सांगणार नाही."

"टाच तर टाच," मास्तर म्हणाले. "मशीन चालवू?"

"चालवा. बूट घालून, थोडा थोडा वेळ. पण पाय पायडलवर कुठे आहे, ते डोळ्यांनी बघावं लागेल."

घरी येताच मास्तर मशीनवर बसले. पत्नी आत गेली. त्यांनी पायडलकडे पाहिले, पाय नीट ठेवला, चाक फिरवले. शिवण निघाली. पायाकडे पाहावे तर कापड तिरके जाई. कापडाकडे पाहावे तर पाय घसरे, आणि टाका मध्येच लांब पडे, मध्येच आखूड. मेकॅनिक खरे बोलला होता. त्यांनी शिवण उसवली. पुन्हा घातली. पुन्हा उसवली. मग दोन्ही हात कापडावर ठेवून ते स्तब्ध बसले.

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

ती हात पुसत दारात आली. मास्तरांनी वर पाहिले नाही. ते बाकावर एका कडेला सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवरची दोऱ्यांची टोके तळहाताने झाडून टाकली.

थोड्याच वेळात यंत्राचा तो जुना, एकसारखा नाद घरभर पसरला. वळणावर तो मंदावला. खिसा आला तेव्हा थांबला, आणि मास्तर खोकले.

बाकाच्या कडेला, नव्या बुटांत, नाड्या नीट बांधलेले त्यांचे दोन्ही पाय जवळ जवळ स्वस्थ विसावले होते.